बेडकाची गुणसूत्रं मोजण्याआधी

कर्नाळ्याच्या जंगलात भेकर आहे. ते दिसतं क्वचित, भुंकणं मात्र कानावर येतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते वाडीतलं कुत्रंच वाटतं. या भेकराच्या मादीच्या पेशीत अवघी सहा गुणसूत्रं असतात, नराच्या पेशीत सात. सस्तन प्राण्यांत याहून कमी गुणसूत्रं कोणाचीच आढळलेली नाहीत. चीनमधलं भेकर दिसायला याचंच भावंड, पण त्याची गुणसूत्रं ४६, म्हणजे माणसाइतकी. डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्श्के यांनी आपल्या भेकराचा हा आकडा १९७० साली जाहीर केला, तेव्हा पेशीशास्त्रज्ञ चक्रावले. पुढे उलगडा झाला तो असा, की पूर्वजांमधली सुटी सुटी गुणसूत्रं टोकाला टोक जुळत गेली आणि थोडी पण लांबलचक अशी उरली. आतली माहिती फारशी हरवली नव्हती, तिची बांधणी बदलली होती.

बेडकांवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना हरणापासून सुरू करतोय, कारण गुणसूत्रांचं नाव काढलं की पहिला प्रश्न ‘किती?’ हाच येतो. विद्यार्थी तोच विचारतात, पत्रकार तोच विचारतात आणि निधी देणाऱ्या समितीलाही आकड्यातच रस असतो. बेडकांच्या बाबतीत तर या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा आधीच सांगता येतं. अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला येणाऱ्या खरबरीत भेकाची गुणसूत्रं २२. भातखाचरातल्या मोठ्या पिवळ्या बेडकाची २६. घराच्या मोरीत, न्हाणीघरात शिरणाऱ्या झाडबेडकाचीही २६. बेडकांची मोठमोठी कुळं या एक-दोन आकड्यांवर कोट्यवधी वर्षं ठाण मांडून बसली आहेत. मग मोजायचं कशासाठी, आणि तेही एखाद्या संकटात सापडलेल्या जातीचं, हे आधी नीट ठरवायला हवं. कृती त्यानंतरची.

आधी हे काम किती निसरडं आहे ते पाहू. माणसाच्या बाबतीत नुसता आकडा बरोबर यायला १९५६ साल उजाडावं लागलं. त्याआधी तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ छापलं जात होतं, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या भल्याभल्यांना ४८च दिसतही होती. स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी ती ४६ असल्याचं दाखवलं. त्यांच्या हाताशी दोन युक्त्या होत्या. पेशी पातळ क्षारद्रवात ठेवल्या की पाणी आत शिरून त्या फुगतात आणि एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रं सुटी होतात. ही युक्ती टी. सी. श्यू यांना १९५२ साली अमेरिकेत गवसली, आणि तीही प्रयोगशाळेत कोणाकडून तरी द्रावण प्रमाणाबाहेर पातळ झालं म्हणून. दुसरी युक्ती कोल्चिसीनची. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे धागे तयार होतात. कोल्चिसीन ते बनूच देत नाही. पेशी ऐन विभाजनाच्या मध्यावर अडकते, आणि गुणसूत्रं सर्वांत आखूड, जाड आणि ठसठशीत असतात ती नेमकी त्याच घटकेला.

युरोपात हे द्रव्य कोल्चिकम नावाच्या झाडाच्या कंदातून मिळालं. आपल्याकडे त्यासाठी लांब जायला नको. श्रावणात कोकणातल्या कुंपणांवर आणि रानाच्या कडेला लाल-पिवळ्या पाकळ्या उलट्या वळवून फुलणारी कळलावी पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत हेच विष असतं. म्हातारी माणसं पोरांना तिच्या कंदापासून लांब ठेवतात ते उगाच नाही.

आता जागेविषयी. पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा येतं. १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे जंगल सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, आता ते १२.११ चौरस किलोमीटरचं आहे. महामार्ग त्याला चिरत जातो. अभयारण्य पक्ष्यांचं, त्यामुळे येणाऱ्यांच्या माना वर. उरलेल्यांची नजर किल्ल्याच्या सुळक्यावर आणि त्याला लटकलेल्या आग्या मोहोळांवर. पावसाळ्यात मात्र इथलं निम्मं नाट्य गुडघ्याच्या खालच्या उंचीवर घडतं, आणि तिकडे वाकून बघणारे थोडेच.

किल्ल्याच्या वाटेवर कातळातून पाणी झिरपतं अशा जागा जुलैपासून शोधाव्यात. धबधब्यापाशी थांबू नये, तिथे नुसती गर्दी असते. काळ्या उभ्या दगडावर पाण्याचा पापुद्रा इतका पातळ असतो, की बोट टेकवलं तर नख बुडत नाही. त्या पापुद्र्यात, शेवाळाच्या हिरव्या-तपकिरी थरावर, चपट्या डोक्याचे आणि अंगाच्या मानाने भलत्याच लांब शेपटीचे जीव चिकटलेले दिसतात. मागचे पाय फुटलेले असतात, पुढच्या पायांचा पत्ता नसतो. बोट जवळ नेलं की शेपटीचा फटकारा मारून ते दगडावरून उडतात आणि वीतभर पलीकडे पुन्हा चिकटतात. हे बेडूकमासे. यांचं तळ्याशी, डबक्याशी काही देणंघेणं नाही. ओल्या दगडावर जन्मायचं, दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि दगडावरच बेडूक व्हायचं. पाऊस चार दिवस ओढ देऊन कातळ सुकला तर संपलं.

मोठा झाल्यावर हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, पाचोळ्याच्या रंगाचा, लांब उड्या मारणारा बेडूक होतो. बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यांच्या जोरावर तो ओल्या दगडाला धरून राहतो. शास्त्रीय नाव इंडिराना लीथी. मुंबई इलाख्यातले डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला मिळालं, तसंच ते एका कासवाला आणि एका सापालाही मिळालं आहे. १८८८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून बूलेंजर यांनी या बेडकाचं वर्णन छापलं. नमुने माथेरानचे होते. कर्नाळ्यापासून माथेरान सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, मध्ये प्रबळगड. म्हणजे ही जात जिथून जगाला कळली ती जागा कर्नाळ्याच्या शेजारचीच.

पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातल्या असंख्य बेडकांप्रमाणे यालाही ‘राना’ याच प्रजातीत कोंबलेलं होतं. १९८६ साली लॉरेंट यांनी इंडिराना ही प्रजाती वेगळी काढली. आज ज्या कुळात ती ठेवली जाते ते रॅनिक्सॅलिडी कुळ भारताबाहेर कुठेच नाही, आणि भारतातही ते मुख्यतः सह्याद्रीचंच. दरम्यान लीथच्या बेडकाच्या नोंदी पार दक्षिणेपर्यंत होत गेल्या. कुठेही ओल्या दगडावर साधारण तसा बेडूक दिसला की हेच नाव लावलं जाई. २०१४ साली पुण्याच्या संशोधकांनी जुने नमुने, शरीराची मापं आणि डीएनए तपासून या जातीची हद्द नव्याने आखली, तेव्हा ती महाराष्ट्रातल्या उत्तर सह्याद्रीपुरती आखडली. त्याच वर्षी आंबोलीच्या जांभ्याच्या फटींत राहणारा तिचा एक भाऊबंद इंडिराना चिरावासी या नावाने स्वतंत्र जात म्हणून पुढे आला.

कागदावरच्या या बदलाने जंगलातला एकही बेडूक वाढला नाही की कमी झाला नाही. पण गुजरातच्या सीमेपासून केरळापर्यंत पसरलेली जात आणि घाटमाथ्याच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अडकलेली जात, यांच्याकडे सरकार, संशोधक आणि आययूसीएनची लाल यादी वेगवेगळ्या नजरेने बघतात. एका नावाखाली तीन जाती दडलेल्या असतील तर त्यातली एक संपून जाते आणि नाव तसंच शाबूत राहतं. २०२३ साली आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ४१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचं दिसलं. हा हिशेबही अखेर जातींची ओळख बरोबर आहे असं धरूनच केलेला.

गुणसूत्रांचं काम इथे सुरू होतं. उत्तर अमेरिकेत हायला वर्सिकलर आणि हायला क्रायसोस्केलिस हे दोन झाडबेडूक आहेत. हातात घेऊन कितीही निरखा, वेगळे ओळखता येत नाहीत. नरांच्या हाकेची लय तेवढी वेगळी. १९७० साली कळलं, की एकाची गुणसूत्रं २४ आहेत आणि दुसऱ्याची बरोबर दुप्पट, ४८. युरोपातल्या खाद्य बेडकाची तऱ्हा आणखी विचित्र. तो दोन जातींचा संकर, पण अंडी किंवा शुक्राणू बनवताना एका पालकाचा गुणसूत्रसंच सरळ टाकून देतो आणि दुसऱ्याचाच पुढे पाठवतो. प्रयोगशाळांच्या लाडक्या आफ्रिकी झेनोपसमध्ये एका जातीची गुणसूत्रं २०, तर तिच्या बहिणीची ३६. जपानमधल्या एका सुरकुत्या बेडकात काही भागांत नर-मादी ठरतात ती माणसासारख्या एक्स-वायने आणि काही भागांत पक्ष्यांसारख्या झेड-डब्ल्यूने, आणि जात मात्र एकच. बहुसंख्य बेडकांत तर नर-मादीची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, म्हणून असे अपवाद मोलाचे.

यावर हल्ली एक आक्षेप हमखास येतो. डीएनए वाचणं स्वस्त झालं आहे, तोंडाच्या आतून कापूस फिरवला की नमुना मिळतो, मग जांभळ्या रंगात बुडवलेल्या काड्या मोजत बसणं म्हणजे संग्रहालयात ठेवण्यासारखी कला झाली. आक्षेपात तथ्य आहे. दोन जाती वेगळ्या आहेत का, एवढाच प्रश्न असेल तर आज डीएनएच आधी वाचावा, आणि इंडिरानाच्या बाबतीत तेच झालं. मात्र ओळख पटवण्यासाठी जनुकाचा जो छोटा तुकडा वाचतात तो बहुधा मायटोकाँड्रियातला, म्हणजे फक्त आईकडून आलेला. संकराचा अर्धा इतिहास त्यात येतच नाही. गुणसूत्रसंच दुप्पट झालाय का, एक तुकडा उलटा फिरून बसलाय का, दोन गुणसूत्रं जुळलीत का, हे त्या तुकड्यावरून कळत नाही. आणि उद्या एखाद्या डोंगरावरचे बेडूक कमी पडले म्हणून दुसऱ्या डोंगरावरचे आणून सोडायची वेळ आली, तर हेच आधी माहीत हवं. गुणसूत्रांची बांधणी जुळली नाही तर पिढी होते, पण ती वांझ निघू शकते. कर्नाळा, माथेरान, भीमाशंकर यांच्यामधली जंगलं तुटत चालली आहेत. पनवेलच्या पश्चिमेला विमानतळ आला आहे आणि डोंगरांच्या पायथ्याशी इमारती चढत आहेत. अशी आणा-नेण करायची पाळी येणारच नाही असं छातीठोकपणे कोणी सांगू नये.

कृती थोडक्यात अशी. विभागणाऱ्या पेशी हव्यात. त्यांना कोल्चिसीन द्यायचं, पातळ पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुगवायचं, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात स्थिर करायचं. मग थंडगार ओल्या काचपट्टीवर वरून थेंब सोडायचा. थेंब आपटतो, पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात. जीम्सा रंगात बुडवून वाळवल्यावर तेलभिंगाखाली पाहिलं, की बऱ्याच पेशी गोल, बंद, निरुपयोगी दिसतात. त्यांच्यातून सरकत सरकत एखादीच अशी सापडते जिच्यात सगळी गुणसूत्रं सुटी, एकावर एक न पडलेली असतात. प्रत्येकाला कुठेतरी कंबर असते, सेंट्रोमिअर. ती मधोमध आहे की एका टोकाला, हे पाहून जोड्या लावायच्या. पूर्वी छायाचित्रातून कात्रीने कापून कागदावर चिकटवायचे, आता संगणकाच्या पडद्यावर सरकवतात. मग गुणसूत्रांवर रंगवून काढायचे सी-पट्टे, आणि चांदीच्या क्षाराने रंगणारे ठिपके. सगळ्यांची गुणसूत्रं २६ असली तरी पट्ट्यांच्या आणि ठिपक्यांच्या जागा जातीगणिक बदलतात. खरी माहिती तिथे असते.

यातलं पहिलं वाक्य पुन्हा वाचावं: विभागणाऱ्या पेशी हव्यात. लंडनच्या कपाटात माथेरानचे मूळ नमुने आहेत, त्यांच्यातून एकही गुणसूत्र मिळणार नाही. नशीब असेल तर डीएनए मिळेल. महामार्गावर गाडीखाली आलेला बेडूक डीएनएसाठी जरूर उचलावा, पण पावसाळी उकाड्यात त्याच्या पेशी झपाट्याने कुजतात. गुणसूत्रं जिवंत प्राण्याकडूनच मिळतात, आणि जुन्या पद्धतीत त्यासाठी तो प्राणी मरतो. कोल्चिसीन टोचायचं, काही तासांनी मारायचं, मांडीच्या हाडातली मज्जा किंवा आतड्याचं अस्तर काढायचं. माझ्या पिढीच्या प्राणिशास्त्राच्या वर्गात बेडूक बेशुद्ध करून मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसवायचा हा रिवाजच होता, आणि त्याचं कोणाला फारसं काही वाटतही नसे. तेच बेडूक तंगड्यांसाठी टनांनी परदेशी जात होते. हुमायून अब्दुलअलींसारख्या निसर्ग अभ्यासकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९८७ साली निर्यातबंदी आली. महाविद्यालयांतलं विच्छेदन थांबवण्याच्या सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून यायला त्यानंतरही दोन दशकं लागली.

न मारता काम करायचे मार्ग आहेत. बेडूकमाशाच्या शेपटीचं टोक कापतात. तिथे पेशी भराभर विभागतात आणि शेपूट पुन्हा वाढते. प्रौढाच्या बोटाचं टोक घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवतात. पुस्तकांत या दोन्ही पद्धती निर्धोक म्हणून दिलेल्या असतात, आणि डबक्यात पोहणाऱ्या जातींसाठी ते बहुतांशी खरंही आहे. पण कर्नाळ्याच्या कातळावरचा तो जीव आठवा. त्याचं पोहणं, उडणं, चिकटणं, शत्रूच्या तोंडून सुटणं सगळं शेपटीवर. ती पुन्हा वाढेपर्यंतच्या दिवसांत त्याने उभ्या ओल्या दगडावर काय करायचं? प्रौढाच्या बोटाची चकती म्हणजे त्याची दगडावरची पकड. दुसऱ्या बेडकासाठी ठरवलेली सौम्य पद्धत या बेडकासाठी सौम्य राहत नाही. म्हणून माझं मत असं, की टोक कापलेला बेडूकमासा लगेच कातळावर परत सोडू नये. त्याच कातळाचं पाणी आणि शेवाळ घालून, शेपूट भरेपर्यंत तो सांभाळावा आणि मगच जिथून उचलला तिथे सोडावा. सांभाळायची सोय नसेल तर कापायचा हक्क नाही.

पेशी वाढवायच्या तर एकदाच वाढवाव्यात आणि उरलेल्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, साठवाव्यात. भेकराची गुणसूत्रं मोजणाऱ्या बेनिर्श्के यांनी सत्तरच्या दशकात सॅन डिएगोत नेमकं हेच सुरू केलं: दुर्मीळ प्राण्यांच्या त्वचेच्या पेशी गोठवून ठेवल्या, पुढे त्यांचं काय करता येईल हे माहीत नसताना. त्याला आज गोठवलेलं प्राणिसंग्रहालय म्हणतात. आपल्याकडे हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा संकटग्रस्त प्राण्यांसाठी या प्रकारचं काम करते. बेडकाच्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा कमी तापमानाला, पंचवीस अंशांच्या आसपास, वाढवाव्या लागतात आणि बुरशी लागून त्या हातच्या जातात, म्हणून हे काम घरच्या घरी करायचं नाही. पण एका बेडकाच्या पेशी नीट साठवल्या तर पुढच्या अभ्यासकाला त्या जातीच्या दुसऱ्या बेडकाला हात लावावा लागत नाही.

बुरशीवरून आठवलं. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरातल्या बेडकांची दाणादाण उडवली आहे, आणि उत्तर सह्याद्रीतल्या संकटग्रस्त बेडकांवरही ती असल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं आहे. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाणाऱ्या अभ्यासकाचे बूट आणि जाळी हे तिचं आयतं वाहन. बूट निर्जंतुक करून वाळवल्याशिवाय माथेरानहून थेट कर्नाळ्यात उतरू नये. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, मग ते शेपटीचं एक टोक का असेना. परवानगीला वेळ लागतो, आणि हे बेडूकमासे कातळावर असतात ते पावसाळ्याचे मोजके आठवडे. अर्ज हिवाळ्यात करावा.

मोठा बेडूक मारून मज्जा काढायची जुनी कृती पुढच्या पानांत मुद्दाम दिलेली नाही. हात बसवण्यासाठी आधी कांद्याच्या मुळांची टोकं घ्यावीत. मग रुईवरचा निळा-पिवळा टोळ. तो रायगडात कुठेही सापडतो आणि त्याच्या वृषणात विभागणाऱ्या पेशी भरपूर. नराची गुणसूत्रं १९, म्हणजे अठरा गुणसूत्रांच्या नऊ जोड्या आणि जोडीदार नसलेलं एकटं एक्स. आपल्या स्वतःच्या काचपट्टीवर ते एक्स ज्याला बोट ठेवून दाखवता येत नाही, त्याने वन विभागाकडे अर्ज करायची घाई करू नये.